कुंकू, काकणं आणि कवळी

२४ नोव्हेंबर

गाठच हाय ती! आज बोटाला चांगली लागली. खालचा ओठ आणि हिरडी ह्यांच्या मधी, कवळीची कड बसते तिथं. महिनाभर काहीतरी टोचायलंय, मी म्हणायची तोंड आलंय, जाईल. गेलं न्हाई. सकाळी चूळ भरली तर पाणी लाल.

न्हाणीला कडी लावून आरशात बघितलं. मांसाची घडी आलीय, करंजीला मुरड घालावी तशी. दोन पदर, आणि कवळीची कड बरोब्बर त्याच्या मधी रुतून बसलेली. बया गं! गडबडीनं कवळी परत घातली आणि चुलीपुढं येऊन बसले. मालकांनी विचारलं, "चहा न्हाई का आज?" म्हणलं, होईल की, पळून जायलाय का चहा! उगंच खेकसले त्यांच्यावर.

त्या रोगाचं नाव मी घेणार न्हाई. वहीत पण न्हाई. एवढे वर्सं तंबाखूची मिस्री लावली त्याचं हे फळ असंल तर मग काय... जाऊ दे.

२५ नोव्हेंबर

शेजारची गौरम्मा मेथी घेऊन आली होती. तिला सहज म्हणलं, माझ्या माहेरच्या एका बाईला तोंडात गाठ आलीय म्हणं. लगेच म्हणली, "अय्यो कमलक्का, तिला म्हणावं मीठ वाहा! चामखीळ आली की वाहतेत न्हवं? पाण्यात मीठ विरघळतंय तशी गाठ पण विरघळती."

मूठभर मीठ पदरात बांधून विहिरीवर गेले. टाकलं. हात जोडले. घरी येऊन बघितलं तर गाठ आपली जाग्यावर! मीठ तेवढं गेलं. उद्या परत टाकावं का? एका मुठीनं काय होतंय.

२७ नोव्हेंबर

तीन मुठी झाल्या. पल्लवी — सून माझी — म्हणायलीय, "आत्या, मिठाचा डबा रिकामा कामून व्हायलाय?" म्हणलं, मुंग्या नेतेत. मुंग्या आणि मीठ! पोरगी हसली. हुशार हाय ती, तेच तर भ्या.

२८ नोव्हेंबर

सापडले! कवळी सैल झालीय, म्हणून खाली कापूस घालते मी. तो कापूस रक्तानं भरलेला, आणि मी तो चुलीत टाकायच्या आधी पल्लवीनं बघितला. हात धरून उजेडात नेलं. "आत्या, तोंड उघडा." म्हणलं, तू काय डाक्टर हाईस का? "उघडा म्हणलं ना!" सुनेनं असं दरडावलं तर दुसरी सासू घर डोक्यावर घेईल. मी उघडलं. आणि रडले. लई दिवस एकटीनं भ्याल्यावर माणूस रडतंय, त्याच्यात काय लाजायचं.

पल्लवी म्हणली, "रात्री तरी काढून ठेवता का न्हाई कवळी?" न्हाई ठेवत. कशी ठेवू?

सासूबाईंनी लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी सांगितलं होतं — मोकळं कपाळ, मोकळे हात, मोकळा गळा घेऊन मालकापुढं जायचं न्हाई. कुंकू, काकणं, मंगळसूत्र. उभा जन्म पाळलं मी. दात गेल्यावर त्याच्यात मोकळ्या तोंडाची भर घातली. कुणी सांगितलं? कुणी न्हाई! सांगायला लागतंय का? बोळकं तोंड घेऊन नवऱ्यापुढं जाणं म्हणजे अपशकुनच की. दात काढले तवा माहेरी उदगीरलाच ऱ्हायले, कवळी बसवूनच गावात पाय ठेवला. मालकांना ठाऊक हाय कवळी हाय म्हणून. पण काढलेली आजपर्यंत बघितली न्हाई. न्हाणीत कडी लावून धुते, तिथंच घालते. झोपते पण घालूनच.

पल्लवीनं कपाळावर हात मारला. "आत्या, कवळी काय मंगळसूत्र हाय का!" तिला काय कळतंय. मालक जिवंत हायत तवर माझं तोंड भरलेलंच दिसणार.

सोमवारी भालकीला डाक्टरकडं जायचं ठरलंय. मालकांना सांगितलं, कापड घ्यायला.

१ डिसेंबर

जाऊन आले. आधी चांगलं लिहिते — डाक्टर म्हणले, साधी गाठ दिसायलीय! हे वाक्य मी दोनदा म्हणायला लावलं त्यांना.

डाक्टरचं नाव प्रशांतकुमार. एवढंसं पोरगं! मिशी पण धड न्हाई. खुर्चीत आडवं केलं, डोळ्यावर दिवा सोडला, म्हणलं, "अम्मा, कवळी काढा." काढवेना मला. ज्या मालकाबरोबर उभी हयात काढली त्यांना दावलं न्हाई ते ह्या परक्या पोराला दावायचं? पल्लवीकडं बघितलं, तिनं डोळे वटारले. डोळे मिटून काढली. पोरगं हसलं पण न्हाई. कन्नड-मराठी मिसळून समजावून सांगितलं. हाडाची झीज झाली, कवळी सैल झाली, तिची कड एकाच जागी घासायली, म्हणून तिथं मांस वाढलं. टाचेला घट्टा पडतंय तसं. "रात्री काढून ठेवता ना अम्मा?" मी मान हलवली. पल्लवी मधीच, "न्हाई ठेवत! चोवीस तास घालून असतेत." घरभेदी!

मग सगळं सांगितलं. दोन-तीन आठवडे कवळी एकदम बंद. सूज उतरंल, गाठ बारीक होईल. मग जेवढी ऱ्हाईल तेवढी सुई देऊन काढायची आणि तपासायला पाठवायची. म्हणलं, साधी हाय म्हणता मग तपासायची कामून? म्हणले, "अम्मा, नुसतं डोळ्यानं बघून कुणी खात्री देऊ नये. कागद आला की मग पक्कं." मिस्री तर आजपासनंच बंद. "दात न्हाईत तरी मिस्री कशाला लावता?" सवय, बाबा. घरधन्यापेक्षा जुनी सवय.

म्हणजे अजून पक्कं न्हाई. साधी दिसायलीय, पण पक्कं न्हाई. जीव अर्धा भांड्यात पडलाय.

आणि कवळी बंद म्हणजे काय? घरात मालक, तोंडात दात न्हाईत, आणि तीन आठवडे! येताना टमटममधी सगळा रस्ता पदर तोंडावर धरून हाच विचार. घराच्या दारात पाय ठेवताना सुचलं — मौन! मार्गशीर्ष चालूच हाय. पल्लवीला दारातच सांगितलं, जा, मामाला म्हणावं आत्यानं मौनव्रत धरलंय अमावस्येपर्यंत. पल्लवी हसून हसून उंबऱ्यावर बसली.

२ डिसेंबर

मालकांना खरं वाटंना. "ही? मौन?" तीनदा विचारलं पल्लवीला. मग म्हणले, "देव हाय म्हणायचं जगात." ऐकलं मी! आणि उत्तर देता येईना. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतेत ते हेच.

४ डिसेंबर

पदर नाकापर्यंत. खुणा करून करून हात दुखायलेत. वरणभात कुस्करून खायलेय. मिस्रीची लई आठवण येती.

७ डिसेंबर

नवलच झालंय. मी गप्प तर हे बोलायलेत!

पिठाची गिरणी बंद करून आले की पाटावर बसून बोलतच ऱ्हातेत. कुणाच्या ज्वारीत किती खडे निघाले, नव्या पट्ट्याचा आवाज कसा येतंय. आज तर लहानपणचं सांगायलेत — त्यांच्या अप्पांनी ह्यांना बिदरच्या उरसात हरवलेलं, आणि एका तांबोळ्यानं खांद्यावर बसवून आणून सोडलं म्हणं. एवढ्या वर्सात हे मला ठाऊकच न्हवतं! मी कधी बोलू दिलंच न्हाई वाटतं. त्यांनी तोंड उघडलं की माझं आधीच चालू. आज पदराआड गुपचूप ऐकत बसले, भाकरी करपली तरी उठले न्हाई. लई गोड बोलतेत ओ आमचे मालक.

१० डिसेंबर

गौरम्मा बेसनाचा डबा घेऊन मालकांशी भांडायला आली. "श्रीपतअण्णांनी आमची डाळ मिरचीवर दळली! घरात सगळ्यांना ठसका!" मिरचीची चक्की येगळी, डाळीची येगळी. गिरणी घातल्यापासून ह्यांची अशी चूक कधी झाली न्हाई. मालक म्हणले, "आसंल, आसंल, वय झालं." परत दळून दिली. मला बोलायचं होतं लई! बोलता येईना. गौरम्मा माझ्या पदराकडं निरखून बघत गेली.

१३ डिसेंबर

गाठ बारीक झाली!! न्हाणीत आरशात बघितलं. लाली गेलीय, दोन पदराचा एकच पदर ऱ्हायलाय, तो पण लहान. रक्त न्हाई. पल्लवीला हाताला धरून ओढत नेलं आणि दावलं. तिनं मला मिठीच मारली, कणकेच्या हातानं. लुगडं पांढरं झालं.

पक्कं न्हाई, पक्कं न्हाई, असं स्वतःला बजावायलेय. पण मन ऐकंना. दिवसभर पदराआड मनातल्या मनात गाणी म्हणले.

१८ डिसेंबर

उद्या येळवस, शेतातल्या पूजेची अमावस्या. ताकात ज्वारीची अंबील विरजून ठेवलीय, भज्जीच्या पातळ भाजीला तुरीचे-वालाचे दाणे सोलून झाले, बाजरीचे उंडे करून झाले. अंबील आणि भज्जी — दोन्हीला दात लागत न्हाईत! येळवस जणू माझ्यासाठीच केलीय कुणीतरी.

मौन उद्या संपतंय. पण कवळी अजून घालायची न्हाई. आता काय सोंग काढावं? मौन पौर्णिमेपर्यंत वाढवलंय म्हणावं. देव माफ करंल.

१९ डिसेंबर, येळवस

 आजचं लिहिणारच. असा दिवस परत येणार न्हाई.

सकाळीच गाडीत डबे भरून सगळे शेताला. गौरम्माच्या घरचे पण आले, दरवर्सी येतेत. शिवप्रसादनं — पोरानं माझ्या — कडब्याची कोप, खोपटच की, छान बांधली होती. आत पाच दगडांचे पांडव मांडले, पूजा झाली. मग मालक अंबिलीचं मडकं घेऊन "वलगे वलगे" म्हणत शेताभोवती शिंपडायला निघाले. मागं पोरंसोरं. मी कोपीच्या दारात, पदर तोंडावर.

यंदा शिवप्रसादनं वरच्या बांधाला शेततळं खांदलंय. ह्यांना ठाऊक हाय, शंभरदा सांगितलंय. पण हे आपल्या जुन्या वाटेनं, ज्वारीच्या कडेनं सरळ निघालेले! मी बघायलेय, आता वळतील, आता वळतील. वळंनात. मान ताठ, अंबील शिंपडायलेत, आणि पाय सरळ पाण्याकडं. पोरं मागंच ऱ्हायली होती, बोरं वेचत.

मग मला काही सुचलं न्हाई. पदर सोडला आणि पळाले. बोंबलले — "अवो थांबा! म्होरं पाणी हाय! थांबा!!"

थांबले. अगदी काठावर! मडक्यातली अंबील तळ्यात सांडली. वळून माझ्याकडं बघायलेत. मी सरळ समोर, हिरवं लुगडं, पदर खाली, तोंड उघडं — बोळकं, सगळं रान बघायलंय असं. आणि मालक काय म्हणले?

"कोण हाय ती? कुणाची बाई हाय?"

मला वाटलं थट्टा करायलेत. म्हणलं, "मी!" तर म्हणले, "मी कोण?" दात न्हाईत म्हणून आवाज बदललेला, तो वळखला न्हाई हे कळालं मला. पण तोंड? तोंडाकडंच तर बघायलेत! जवळ गेले, हात धरून काठावरनं मागं ओढलं. त्यांनी माझ्या मनगटावरून हात फिरवला. काकणं चाचपली. मग कुठं म्हणले, "तूच की गं!"

ह्यांना दिसत न्हाई!

तिथंच बांधावर बसवून विचारलं, कधीपासनं? मान खाली घालून म्हणले, "तीन-चार वर्सं झाली. धुकं धुकं. माणूस कळतंय, कोण ते कळत न्हाई." मग गिरणी कशी चालवता? "दाणा बोटाला कळतंय. माणूस आवाजाला कळतंय. आता तूच गप्प बसलीस तर घरात कुठं हाईस तेच कळंना मला. म्हणून तर बोलत बसायचो, तू हूं तरी म्हणशील म्हणून." सांगितलं कामून न्हाई? "तू गिरणी बंद करायला लावली असतीस." खरंय. लावलीच असती. तिथंच रडू फुटलं मला आणि त्याच वेळेला राग पण आला.

मग त्यांची पाळी. "आन् तुझ्या आवाजाला काय झालं?" दात न्हाईत तोंडात. "मग पल्लवी म्हणायली तोंडाला पदर धरलाय, ते कामून?" दात न्हाईत म्हणूनच! "मग काय झालं?" मग काय काय झालं! मोकळं तोंड मालकापुढं कसं आणायचं? झोपेत पण घालून असते मी, एवढ्या वर्सात एकदा पण बघू दिलं न्हाई तुमाला!

माझ्याकडं तोंड केलं. मग हसायला लागले. असं हसले, असं हसले, मडकं हातातून सुटलं. "आगं येडे, दात होते तवा बी मला दिसत न्हवते की!"

बया! चार वर्सं हिरड्या झिजवल्या, कापूस कोंबला, रक्त थुंकले — आणि ह्या माणसाला दिसतच न्हवतं! मी पण हसले मग. रडत रडत हसले. पल्लवी पळत आली, तिला वाटलं दोघांना काहीतरी चावलं.

अंबील पोटभर प्याले. दोघं एका ताटात जेवलो, गौरम्मासमोर, लाज सोडून.

येताना गाडीत गाठीचं सांगितलं. हसू थांबलं त्यांचं. नाव न घेता सांगितलं, तरी त्यांना कळालं. लई वेळ माझा हात सोडला न्हाई. एवढंच म्हणले, "भालकीला मी येणार."

२० डिसेंबर

मौन संपलं. दिवसभर बोलले. ह्यांनी संध्याकाळी हात जोडले.

२३ डिसेंबर

गाठ काढली.

मालक आले होते, पल्लवीचा खांदा धरून. बाहेर बाकड्यावर माझ्या चपला मांडीवर घेऊन बसले — कुणी नेईल म्हणं! आत मला दोन सुया दिल्या. पहिली जरा लागली. मग ओठ उशीएवढा झाला असं वाटायलं. हात लावून बघितलं तर तेवढाच! डाक्टर कापत होते आणि मला काही कळंना, नुसतं कुणीतरी साडीचा फॉल ओढायलंय असं. टाके घातले. ते मांस बाटलीत घालून दावलं, शेंगदाण्याएवढं! एवढ्याशा जिवानं एवढं भेवडावलं मला.

बाहेर आले तर मालक डाक्टरला हात जोडून विचारायलेत, "साहेब, माझी बायको ऱ्हाईल ना?" सगळ्या पेशंटांसमोर! डाक्टर म्हणले, "अप्पा, अम्मा तुमच्याशी अजून लई वर्सं भांडतील असं मला वाटतंय. कागद आला की पक्कं सांगतो." आणि ह्यांच्या डोळ्यात बघून म्हणले, "अप्पा, हा पिकलेला मोतीबिंदू कधी काढायचा?"

आता ओठ सुजलाय. थंड दूध, थंड भात. बोलायचं कमी म्हणलेत. परत मौन!

२७ डिसेंबर

कागद आला न्हाई. देवापुढं बसले तर मागणं सुधरंना. मला जगायचंय, एवढंच म्हणलं. मोठ्यानं म्हणलं.

३१ डिसेंबर

न्हाई!!! कॅन्सर न्हाई!!! घे, लिहिलं नाव. आता लिहायला काय भ्या.

टाके काढायला गेलो होतो. डाक्टरनं कागद वाचला, म्हणले, घासून वाढलेलं साधं मांस, दुसरं काही न्हाई. नवी कवळी नीट बसवली, रात्री काढली तर परत यायचं कारण न्हाई. मी त्या पोराच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. लाजलं बिचारं. मालक खुर्चीला धरून हुबे, नुसतं नाक पुसायलेत.

पेढे घेऊन आलो. मऊ पेढे, हिरडीनं दाबून खाल्ले. गौरम्माला दिले, म्हणलं, माहेरच्या बाईची गाठ साधी निघाली. ती म्हणली, "ती माहेरची बाई मीठ टाकायला आमच्याच विहिरीवर यायची गं! मी आमच्या रानातनं बघत होते. पाणी खारट करून ठेवलंय." असली मैत्रीण!

८ जानेवारी

बिदरला डोळे दावले. दोन्ही पिकलेत. आधी उजवा काढू म्हणले, फेब्रुवारीत. मालक भ्यालेत. "डोळ्यात सुई घालतेत म्हणं." म्हणलं, मी तोंडात घालून घेतली न्हवं? गप बसा. माझी पाळी हाय आता चपला मांडीवर घेऊन बसायची.

१४ जानेवारी, संक्रांत

हळदीकुंकवाला घर भरलं होतं. मी तशीच, बोळक्या तोंडानं, सगळ्यांना तिळगूळ देत फिरले. दात असते तर वडी खाल्ली असती, वडी हाय तर दात न्हाईत. एक जण म्हणली, "कमलबाई, कवळी कुठाय?" तर पल्लवीनं सगळी गोष्ट सांगून टाकली, मोकळ्या तोंडाच्या नेमासकट! हिला पोटात काही ठेवता येत न्हाई.

मग गौरम्मा सगळ्यांमधी हुबी ऱ्हाऊन म्हणती, "कमलक्का, कुंकू सासूनं लावलं. काकणं माहेरानं भरली. मंगळसूत्र अण्णांनी बांधलं. कवळी कुणी बसवली? डाक्टरनं! मग ते सौभाग्य कुणाचं गं?"

बाया एकमेकींच्या अंगावर पडल्या हसून. मी तिच्या तोंडात अख्खी वडी कोंबली. पण आत कुठंतरी गाठ सुटल्यासारखं झालं. खरंच की, कुणी सांगितलं होतं? सासूबाईंना स्वतःला शेवटी एक दात न्हवता. मामंजी त्यांना भाकरी दुधात कुस्करून द्यायचे, मी डोळ्यानं बघितलंय. हे मला आजच आठवावं!

३ फेब्रुवारी

नवी कवळी आली. मापं घ्यायला चार चकरा झाल्या, पण काय बसलीय! टोचत न्हाई, हलत न्हाई. तोंड धाकटं दिसायलंय दहा वर्सांनी. पल्लवीनं फोटो काढून बहिणीला पाठवला. डाक्टर म्हणले, "अम्मा, रात्री?" म्हणलं, वाटीत, पाण्यात. "शाब्बास."

मालकांनी हातानं चाचपून बघितलं. म्हणले, "छान असतील."

५ फेब्रुवारी

उद्या ह्यांचा उजवा मोतीबिंदू काढायचा. परवा पट्टी सुटणार.

आणि मला आता कळायलंय. येळवसपासून ह्यांच्यापुढं बोळकं तोंड घेऊन बिनधास्त फिरले, भांडले, हसले. शूर म्हणवून घेतलं. कशाचं शूर! दिसत न्हवतं म्हणून फिरले. आता दिसणार! चार वर्सांनी पहिल्यांदा माझं तोंड बघणार, आणि चार वर्सांत मी किती म्हातारी झाले ते त्यांना कुठं ठाऊक हाय. सकाळपासनं चारदा आरसा बघितला. ह्या वयात, नव्या नवरीवानी.

ठरलं. नवी कवळी, हिरवं इरकल लुगडं, नाकात नथ. पल्लवीला सांगून ठेवलंय. ह्यांना दिसंल ते चांगलंच दिसू दे.

७ फेब्रुवारी

इरकल नेसले, नथ घातली. दात घरी वाटीतच ठेवून गेले. पल्लवीनं डबीत घालून आणले होते, दारात हातावर ठेवायली. न्हाई घेतले.

पट्टी सुटली. समोर मीच हुबी. लई वेळ बघत ऱ्हायले. डोळ्याला पाणी आलं तर नर्स ओरडली, पुसू नका.

म्हणले, "हसून दाव की."

हसले. सगळं तोंड उघडून.